पुराच्या आधी की नंतर

गागोद्याच्या शंभुराव भाव्यांच्या घरी एकदा ऐन पूजेत शंकराच्या पिंडीवर विंचू चढला. मारा, मारा असा ओरडा झाला. शंभुरावांनी सगळ्यांना थांबवलं. तो देवाच्या आश्रयाला आलाय, त्याला कुणी हात लावायचा नाही, असं बजावलं. ही गोष्ट त्यांच्या नातवाने, विनायकाने, जन्मभर जपली. पुढे जग त्याला विनोबा म्हणू लागलं, तेव्हाही आजोबांच्या भक्तीची साक्ष म्हणून तो ती सांगत असे.

माझं लक्ष मात्र भक्तीकडे जातच नाही. पेण तालुक्यात नर्सबाई म्हणून हयात गेल्यावर पहिला प्रश्न सुचतो तो हा: विंचू काळा होता की लाल? काळा, जाड नांग्यांचा असेल तर तो डसला तरी माणूस रात्रभर कळवळतो आणि सकाळी पुन्हा कामाला लागतो. लाल असेल तर गोष्ट निराळी. लाल विंचवाच्या विषाने शरीर स्वतःचीच रसायनं लोंढ्यासारखी रक्तात सोडतं. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. आधी उलटी, मग दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि शेवटी तोंडाला गुलाबी फेस. शंभुरावांच्या काळात याला विष चढलं एवढंच म्हणत आणि मांत्रिकाला बोलावणं धाडत. लहान मूल असलं तर बहुतेकदा मांत्रिक पोचायच्या आतच सगळं आटपलेलं असे.

हे कोडं सुटलं ते आमच्याच जिल्ह्यात, गागोद्याच्या दक्षिणेला, महाड तालुक्यातल्या बिरवाडीत. जालन्याकडच्या देहेड गावचे तरुण डॉक्टर हिंमतराव बावस्कर १९७६ साली तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रोगी डोळ्यांदेखत जाताना पाहून ते त्यांच्या उशाशी बसू लागले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास, सगळं लिहून ठेवू लागले. १९८२ साली ती निरीक्षणं लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे प्राझोसिन नावाची, मूळची रक्तदाबासाठी असलेली साधी गोळी त्यांनी या रोग्यांवर वापरली. आवळलेल्या वाहिन्या ती सैल करते. गंभीर रोग्यांत जिथे दहातले तीन-चार जात, तिथे शंभरात एखादा जाऊ लागला. बिरवाडीच्या खाटेवर जन्मलेलं हे ज्ञान आता जगभरच्या विंचवांच्या मुलखात वापरलं जातं. यालाच आंतरराष्ट्रीय आरोग्य म्हणायचं की नाही, हे विद्यापीठांनी ठरवावं.

विद्यापीठांचा विषय आमच्या घरात आला तो भाचीमुळे. ती एमबीबीएस झाली. आता दवाखाना टाकेल, निदान एमडीला लागेल, अशी माझ्या भावाची समजूत. तर हिने परदेशातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे कागद आणले. नाव चांगलं लांबरुंद, आंतरराष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य आणि विकास. भाऊ म्हणाला, “डॉक्टर होऊन परत शिकायचं ते पेशंट न तपासायला?” प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. त्या अभ्यासक्रमात पेशंट नसतो, लोकसंख्या असते. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, आरोग्याचं अर्थकारण, पाणी, पोषण, सरकारी धोरण. आणि फी अशी, की आकडा ऐकल्यावर भावाने चहाचा कप खाली ठेवला.

अर्जाबरोबर एक निबंध द्यावा लागतो. तुम्हाला हेच का शिकायचंय, ते स्वतःच्या शब्दांत लिहा. दोन दिवस ती लॅपटॉपसमोर बसून होती. मग माझ्याकडे आली. “आत्या, तू इतकी वर्षं हेच केलंस ना? सांग ना, काय लिहू?”

मी म्हटलं, “चल, गागोद्याला जाऊन येऊ. माझं तिथे काम आहे.”

काम खरंच होतं. तिथून जवळच्या एका वाडीवरच्या आशाताईला जुनी रजिस्टरं लावायला मदत हवी होती. निवृत्तीनंतर मला असली कामं आवडतात. पण खरं सांगायचं तर पोरीला ते गाव दाखवायचंच होतं. डोंगराच्या पायथ्याचं, भातखाचरांचं, चार पावसात हिरवंगार होणारं गाव. ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा इथे जन्मले. दहाएक वर्षांचे होईतो इथे वाढले, मग वडिलांच्या नोकरीपायी बडोद्याला गेले. आई रुक्मिणी अंगणातला फणस फोडला की पहिले गरे शेजाऱ्यांकडे पाठवायची. द्रोण पोचवायला विन्या. पोषणाच्या तक्त्यात हा कार्यक्रम कुठल्या रकान्यात बसतो, असं मी भाचीला विचारलं. ती हसली नाही. हल्लीची मुलं फार गंभीर असतात.

विनोबांच्या घरासमोर उभं राहून तिला प्रमाणपत्रांची गोष्ट सांगितली. बडोद्याला एके दिवशी आई चुलीपाशी बसली होती, हा शेजारी बसून कागद जाळत होता. काय जाळतोस म्हणून तिने विचारलं. शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं, मला नकोत. आज नकोत, पण ठेवायला काय हरकत आहे, असं ती माउली म्हणाली. हा ऐकेना. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेला मुलगा सुरतेला उतरला आणि काशीला गेला.

“म्हणजे मी जाऊ नको असं म्हणतेयस?” भाचीने विचारलं.

तसं मी म्हणत नव्हते. मला त्या वर्षाचीच मौज वाटत होती. त्याच १९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोरला, रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आरोग्याचं शिक्षण देणारी स्वतंत्र शाळा स्थापन झाली. पुढे जगभर सार्वजनिक आरोग्याच्या पदव्या सुरू झाल्या, त्यांना तिचा नमुना होता. आणि त्याच वर्षी जुलैत मसुरीजवळ लँढूरला एका मिशनरी कुटुंबात कार्ल टेलर जन्मले. त्यांनी पुढे त्याच शाळेत आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग उभा केला, पंजाबात नारंगवालला वर्षानुवर्षं खेड्यांतून संशोधन केलं आणि प्राथमिक आरोग्यसेवेबद्दलच्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याच्या घडणीत हातभार लावला. ज्योतिषावर माझा विश्वास नाही. पण एकाच वर्षात एकीकडे प्रमाणपत्रं जळतात आणि दुसरीकडे पदव्यांचा कारखाना उभा राहतो, आणि हे दोन्ही धागे पुढे महाराष्ट्रातच एकमेकांत गुंतायचे असतात, याचं नवल वाटतं.

ते गुंतले वर्ध्यात. विनोबा १९२१ साली वर्ध्याला गेले आणि तिथलेच झाले. लोकांना त्यांची भूदान पदयात्रा आठवते. मला आठवतं सुरगाव. १९४६ च्या सुमाराला ते रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून पवनारहून त्या गावी चालत जात आणि उघड्यावरची घाण साफ करत. व्याख्यान नाही, पत्रक नाही. एकदा पावसाने वाटेतल्या नाल्याला पूर आला, पलीकडे जाणं अशक्य. तेव्हा काठावर उभं राहून त्यांनी पलीकडच्या माणसाला हाक मारली आणि देवळातल्या देवाला सांगायला लावलं, की गावचा भंगी येऊन परत गेला. लसीकरणाच्या दिवशी खाडीला भरती असताना मी कितीदा तरी काठावर उभी राहिले आहे. फरक इतकाच, की मला त्याचा रिपोर्ट लिहावा लागे.

त्यांचे सोबती मनोहर दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूरला महारोग्यांसाठी कुष्ठधाम काढलं, तेव्हा त्या रोगावर धड औषधसुद्धा नव्हतं. विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा क्षयातून उठले आणि उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमाला वाहून घेतलं. निसर्गोपचाराबद्दल माझं मत बेताचं आहे. क्षयाच्या रोग्याला सहा महिने गोळ्या गिळायला लावताना माझी उमर गेली. मातीच्या पट्ट्यांवर विसंबलेले दोघे-तिघे मी पाहिलेत. पण खुद्द विनोबाही शेवटी गोळीला नाही म्हणू शकले नाहीत. १९५२ च्या डिसेंबरात बिहारमध्ये चांडीलला त्यांना जीवघेणा मलेरिया झाला. आधी औषध नको म्हणाले, मग सगळ्यांच्या विनवण्यांपुढे घेतलं आणि वाचले. भूदानाची पुढची सारी पायपीट त्या औषधाच्या कृपेने झाली, असं म्हणायला मी मोकळी आहे.

वर्ध्याचीच आणखी एक गोष्ट डॉ. अभय बंग सांगतात. त्यांचे वडील ठाकुरदास बंग अर्थशास्त्राचे प्राध्यापक, बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात गेलेले. सुटल्यावर अमेरिकेला जाऊन डॉक्टरेट करायची सगळी तयारी झाली. निघण्यापूर्वी ते गांधीजींचा आशीर्वाद घ्यायला सेवाग्रामला गेले. गांधीजींनी सुचवलं, की अर्थशास्त्रच शिकायचं तर अमेरिकेपेक्षा खेड्यात जा. ठाकुरदासजी खेड्यात गेले. आणि त्याच घरातला मुलगा आपल्या डॉक्टर पत्नीला, राणी बंगांना, घेऊन बाल्टिमोरला गेला. १९८४ साली दोघांनी तिथून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. कार्ल टेलर तिथे शिकवत होते.

भाची आता नीट ऐकत होती. मी तिला म्हटलं, बापाने न जाणं आणि मुलाने जाणं, दोन्ही मला पटतं. दोघांना जायचं होतं खेड्यातच. अभय बंगांना वाटेत संख्याशास्त्र लागणार होतं, आणि ते बाल्टिमोरला मिळत होतं.

ते कशाला लागलं, ते गडचिरोलीत दिसलं. बंग पती-पत्नींनी तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. राणी बंगांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या, तर त्यातल्या ९२ टक्क्यांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. १९८९ साली हे लॅन्सेटने छापलं. तोवर गरीब देशांतल्या बाईच्या आरोग्याचा विचार म्हणजे बाळंतपण आणि ऑपरेशन. आमचंही तेच होतं. दर महिन्याला आम्हाला कुटुंबनियोजनाचं टार्गेट असे. पांढरं जातं का, कंबर दुखते का, हे विचारायला रजिस्टरात रकानाच नव्हता. बायका सांगत नाहीत असं आम्ही म्हणत असू. विचारलं कुणी होतं?

मग नवजात बाळं. लहान मुलाला न्यूमोनिया आहे का, हे कळायला त्याचे मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ झाले तर धोका. पण गावच्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? ‘सर्च’ने मण्यांचं एक यंत्र केलं आणि सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर औषध सुरू. मी तो मण्यांचा खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा हेवा वाटला होता. पुढे ३९ गावांत गावच्याच शिकवलेल्या बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्गावर इंजेक्शनंसुद्धा दिली, आणि तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ सालचं लॅन्सेट. आज देशभरच्या आशाताया बाळंतिणीच्या घरी वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन जातात, त्याचं मूळ तिथे आहे.

त्याआधी जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे हेच करून गेले होते. वेल्लोरला डॉक्टर झाले, हॉपकिन्सला शिकले आणि १९७० साली नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी जामखेडला आले. गावच्या निरक्षर, अनेकदा दलित बायकांना आरोग्यसेविका केलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जगातले नमुनेदार प्रयोग एका पुस्तकात गोळा केले, त्यात जामखेड होतं. म्हणजे अल्मा-आटाला जे जगाला सांगितलं गेलं, त्यातलं थोडं जामखेडहून गेलं होतं. सवर्ण घरातली बाई दलित आरोग्यसेविकेच्या हातून बाळंत होते, ही गोष्ट मला मृत्युदराच्या कुठल्याही आकड्याइतकी मोठी वाटते. ती मोजायची कशी, हे अजून कुणी मला सांगितलेलं नाही.

बाहेरून येणारं सगळंच नावं ठेवायजोगं असतं असंही नाही. पल्स पोलिओ १९९५ साली सुरू झाला. पोलिओच्या रविवारी आम्ही बर्फाची पेटी घेऊन कातकरीवाड्यांवर जायचो. बायका विचारायच्या, “बाई, खोकल्याचं काय आणलंव का? नुसतं थेंबच?” त्यांना पाणी हवं होतं, खोकल्याचं औषध हवं होतं, जिनिव्हा आणि दिल्लीने ठरवलं होतं पोलिओ. मला त्यांच्यापुढे ओशाळं वाटायचं. पण २०११ च्या जानेवारीनंतर देशात जंगली पोलिओचा एकही रुग्ण झाला नाही, आणि पायात कॅलिपर घालून लंगडणारी मुलं आमच्या तालुक्यात दिसेनाशी झाली. ते ओशाळणं खरं आणि ती न दिसणारी मुलंही खरी. मी अजून या दोन्हींचा मेळ घालू शकलेले नाही.

तर, आशाताईची रजिस्टरं. ओटीवर पसरून आम्ही तिघी बसलो. भाचीला वाटलं होतं तासाभराचं काम. पण पहिल्याच पानावर ती अडली. वाडीत मुलं किती? रजिस्टरात एक आकडा, अंगणवाडीच्या वहीत दुसरा. आशाताई म्हणाली, दोन्ही बरोबर आहेत, कधी मोजता त्यावर आहे. दिवाळीनंतर मुकादम उचल देतो, कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर कोळशाला निघून जातात, पोरंबाळं, कोंबड्या सगळं घेऊन. परततात ती पावसाच्या तोंडावर. मधल्या सहा-सात महिन्यांत मूल जन्मलं तर भट्टीच्या गावच्या वहीत ते नाही, कारण ही माणसं तिथली नव्हेत. इथल्या वहीत नाही, कारण ती इथे नव्हती. आणि ते मूल तिकडेच गेलं, तर? जन्मलंच नव्हतं ते मेलं कसं? बालमृत्यूच्या दराला वर मृत्यू लागतात आणि खाली जन्म. इथे वरचा आकडाही निसटतो आणि खालचाही, आणि तक्ता तेवढा छान दिसतो.

भाचीने पेन खाली ठेवलं. “आत्या, हे निबंधात लिहिलं तर?”

“लिही की. पण वाडीवर गेल्याशिवाय लिहू नकोस.”

गेलो. तिने सोबत छापील प्रश्नावली आणली होती, कुठल्याशा संस्थेच्या पाहणीत वापरलेली. पहिला प्रश्न मुलाची जन्मतारीख. पहिलीच बाई तिच्याकडे बघत राहिली, आणि मग मुलाकडे, जणू त्याच्या कपाळावर लिहिलेली असेल. आशाताई पुढे सरसावली. “तारीख नको गं. भात लावनीत झाला का कापनीत?” आम्ही असंच करायचो. मोठ्या माणसाचं वय काढायचं तर जांभूळपाड्याचा पूर, तो १९८९ चा जुलै. आंबा नदीने एका रात्रीत होत्याचं नव्हतं केलं, ते या पट्ट्यात कुणी विसरलेलं नाही. त्या वेळी पाळण्यात होतास का चालत होतास, विचारायचं. मग २६ जुलैचा पाऊस. आणि आता लहान पोरांसाठी निसर्ग वादळ, ३ जून २०२०, छपरं उडाली तो दिवस.

भाची म्हणाली, परदेशातल्या पाठ्यपुस्तकातही ही पद्धत आहे, स्थानिक घटनांची दिनदर्शिका म्हणतात. मी म्हटलं, असेल. कुणी तरी त्यांना सांगितली असेल.

मग तिने छापील कागद उलटा केला आणि पाठीमागे रेघ मारली. एका टोकाला वादळ, दुसऱ्या टोकाला येऊन गेलेली दिवाळी. मध्ये साखरचौथीचे गणपती, लावणी, शिमगा, भट्टीवर जायचे आणि परतायचे दिवस, वाडीत विजेचा खांब उभा राहिला तो दिवस. बायका भोवती गोळा झाल्या. एक म्हणाली, माझा पोर वादळाच्या आदीचा. तिची सासू म्हणाली, आदीचा नाय, वादळानं छप्पर गेलं तवा तू पोटुशी व्हतीस, मीच तुला हाताला धरून शाळंत नेली. सून म्हणाली, ती थोरल्याच्या येळची. थोरल्याच्या वेळी वादळ कुठलं, तेव्हा आपण भट्टीवर होतो, असं मागून एक पुरुष म्हणाला, त्याला दोघींनी मिळून गप्प केलं. भाची प्रत्येक नव्या पुराव्यागणिक खुणा खोडत होती आणि परत करत होती. छापील बाजूचा जन्मतारखेचा रकाना अजून कोराच होता आणि वाद आता भट्टी कोणत्या गावची होती, पनवेलकडची की कर्जतकडची, इथवर पोचला होता.